पालथ्या टाकलेल्या तीन राण्या

माझी मुलगी रेवती शनिवारी ऑफिसातल्या चौघांबरोबर पोकर खेळते आणि बहुतेक वेळा हरते. हरण्याचं तिला फारसं काही वाटत नाही, पण आपण का हरतो ते कळत नाही याचा तिला राग येतो. फोनवर तिने शिकवणारे व्हिडिओ साठवून ठेवले आहेत आणि त्यातले गोरे लोक शक्यतांची गणितं मांडत असतात. परवा तिने मला सहज विचारलं की आई, खेळ सुधारायला माणसाने काय करावं. बहुधा तिला उत्तर नकोच होतं. मी म्हटलं, पानं टाकायला शीक, आणि स्वतःची पानं बघायच्या आधी दुसरे आपापली पानं कशी बघतात ते बघ. तिने फोन खाली ठेवला. आपल्या आईला कुकरच्या शिट्ट्या आणि गॅसचा नंबर लावणं यापलीकडे हेही येतं, हे तिला चोविसाव्या वर्षी कळलं. कुठे शिकलीस, म्हणाली. आत्याकडे, मी म्हटलं, आणि विषय बदलला, कारण पुढचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ते इथे लिहून टाकते.

आम्ही अंधेरी पूर्वेला राहत होतो, मरोळच्या अंगाला, तीन मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर. दोन खोल्या आणि मागे एक लांबट गॅलरी. डोक्यावरून विमानं जात, तेव्हा बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबे आणि विमान गेलं की तिथूनच पुढे सुरू करे. पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं, आम्हाला त्याचं काही नव्हतं. घरात आई, बाबा, मी आणि बाबांची धाकटी बहीण सुधाआत्या. आत्याने लग्न केलं नव्हतं. ती आरे कॉलनीत दुधाच्या प्रयोगशाळेत होती. पहाटेची बस पकडून जायची, टँकरमधून आलेल्या दुधाचे नमुने तपासायची आणि तीनच्या सुमाराला घरी यायची. दिवसभर दुधात हात असल्यामुळे असेल, पण घरी चहा कोराच प्यायची. आई तिचा कप वेगळा ठेवायची, निळ्या काठाचा. वासावरून किंवा चवीवरून दूध चांगलं की वाईट हे सांगणाऱ्या माणसांचा तिला मनापासून तिटकारा होता. दूध तपासायचं असतं, म्हणायची, आणि एका नमुन्यावरून निकाल द्यायचा नसतो.

पोकर ती तिथेच शिकली होती. नमुने यंत्रात फिरत असताना आणि मग गरम पाण्यात ठेवलेले असताना हातात वेळ रिकामा असे. तिच्या पारशी साहेबांनी सगळ्या लॅबला हा खेळ लावला होता. आत्याने तो आमच्या घरात आणला. पाच पानं वाटायची. नको असतील ती टाकून तेवढीच नवी घ्यायची. मग बोली लावायची, आणि ज्याला आपला हात कमी वाटेल त्याने पानं पालथी टाकून बाजूला व्हायचं. आमच्याकडे पैसे लावायला आईची सक्त मनाई होती, म्हणून पितळी डब्यात चिंचोके होते, माणशी पन्नास. रविवारी चार वाजता गॅलरीत चटई पडायची. आई कांद्याची भजी नाहीतर भाजणीचे वडे काढायची, आणि वरच्या मजल्यावरच्या परबकाकी हात पदराला पुसत खाली यायच्या. त्या सावंतवाडीकडच्या. येताना पुडीत खाजं असायचं आणि तोंडात बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या बातम्या.

चिंचोक्यांमुळे एक गोष्ट मात्र झाली होती. आमच्यात कुणीही पानं टाकायचं नाही. बाबांकडे दुर्री-पंजीचा कचरा असला तरी ते "बघू या तरी" म्हणून चार चिंचोके पुढे सरकवायचे. आई हसत हसत शेवटपर्यंत जायची. परबकाकींना तर बोली म्हणजे देवापुढे फूल वाहण्यासारखं वाटायचं. आत्या वैतागायची. फुकटच्या चिंचोक्यांवर खेळलं की माणूस बिघडतो, म्हणायची. तिच्या मते हा सगळा खेळच पानं टाकण्याचा होता. मला तिने वेगळं बसवून शिकवायला घेतलं, कारण मी अकरावी सायन्सला होते आणि माझ्या डोक्यावर तिचा विश्वास होता. पहिला महिना मी चार हातांतला एकच खेळायचा, बाकीचे तीन काही झालं तरी टाकायचे. वाटलेली पानं लगेच उचलायची नाहीत. "तुझी पानं कुठे पळून जात नाहीत. आधी बाकीच्यांची तोंडं बघ, मग ती बघायला मिळणार नाहीत." काहीही करायच्या आधी मनात चार अंक मोजायचे, हात चांगला असो की वाईट, वेळ तेवढाच. मोठा डाव हरलीस तर ऊठ आणि पाणी पिऊन ये, चिडून पुढचा डाव खेळू नकोस. कुणी किती पानं बदलली ते कायम लक्षात ठेव, कारण लोक तोंडाने खोटं बोलतात पण बदललेली पानं सगळ्यांच्या समोर असतात. आणि दुसऱ्याने पालथी टाकलेली पानं कधीही उलटून बघायची नाहीत. हे मात्र तिने एकदा माझ्या हातावर चापट मारून शिकवलं होतं.

मी शिकले. आई चांगलं पान आलं की पदर खोचते आणि बाबा वाईट पान आलं की जास्त बोलतात, हे मला महिन्याभरात दिसायला लागलं. आत्याचं काही सापडायला मात्र वर्ष गेलं. सापडलं तेही इतकं बारीक होतं की मी ते कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. हात चांगला असला की ती डाव चालू असताना कोऱ्या चहाचे घोट घेत राहायची. हातात काही नसताना बोली चढवत असली की कपाला हात लावायची नाही.

मी बारावीत असताना आत्याच्या छातीत गाठ लागली. तिने स्वतःच आईला सांगितलं, भांडी विसळता विसळता, जणू नळाचा वायसर गेलाय. पार्ल्याच्या एका सर्जनकडे दाखवलं, त्यांनी लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने बाबा एकटेच जाऊन रिपोर्ट घेऊन आले. आत्या कामावर होती. बाबा बँकेत हेडक्लार्क होते, इंग्रजी उत्तम लिहायचे, तरी तो कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "मंजू, तू बायॉलॉजीवाली. हे नीट वाच." डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतंच. पण मी वाचून वेगळं काही म्हणेन अशी त्यांना आशा होती, हे मला आता कळतं. मी वाचलं. शब्द मला माहीत होता. तो मी मोठ्याने उच्चारला नाही, फक्त बाबांकडे पाहिलं, आणि ते मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

ठरलं असं की आत्याला सांगायचं नाही. आज कुणाला हे पटणार नाही, पण तेव्हा घरोघरी हीच पद्धत होती. रोग्याला सोडून सगळ्यांना रोगाचं नाव माहीत असायचं. शिवाय बाबांपाशी कारण होतं. त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिने भिंतीकडे तोंड केलं, जेवण टाकलं आणि महिन्याभरात गेली. ती रोगाने गेली नाही, ऐकून गेली, असं बाबा मरेपर्यंत म्हणत. त्यामुळे आत्याला सांगितलं गेलं की गाठ साधी आहे, पण वाढते आहे, तर एकदा पूर्ण काढून टाकू. येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी ऑपरेशन. खरं असं होतं की डॉक्टर पूर्ण छाती काढणार होते. कागदावर सही आत्या करेल, भूल देतील आणि शुद्धीवर आली की मग हळूहळू सांगू, हे बाबा आणि डॉक्टर यांच्यात ठरलेलं होतं. मी ते आईच्या शेजारी उभी राहून ऐकलं आणि मला काही तरी बोलायचं होतं. मी बोलले नाही. सतरा वर्षांच्या मुलीने बोलायची ती जागाच नव्हती. रिपोर्ट मात्र माझ्याकडे आला. आत्या कपाटं आवरायची, देवघर पुसायची, तांदूळ निवडायची. घरात तिचा हात न लागणारी एकच वस्तू होती, माझं फिजिक्सचं जर्नल. त्याच्या खाकी कव्हरच्या आत मी तो घडी घालून सरकवला आणि त्या दिवसापासून ते जर्नल उशाशी घेऊन झोपायला लागले.

लपवायचं कुणापासून, तर माणसाच्या बोटांवरून त्याच्या हातातली पानं सांगणाऱ्या बाईपासून. माझी भूकच गेली. कॉलेजातून घरी येताना कोपऱ्यावर थांबून मी चेहरा सारखा करायचे, मग आत शिरायचे. तिने काही विचारलं की मनात चार अंक मोजायचे आणि उत्तर द्यायचे. तिनेच शिकवलेलं तिच्यावर वापरत होते. बाबा जास्त बोलायला लागले होते. आई पदर सोडत नव्हती, सारखा खोचलेलाच. परबकाकींना मात्र कळू द्यायचं नाही असं आईने बजावलं होतं. काकी प्रेमळ होत्या, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.

रविवारी खेळ टाळता येणार नव्हता. टाळला असता तर तेच उत्तर झालं असतं. चटई पडली. माझ्याकडे तिसऱ्याच डावात तीन राण्या आल्या. मी दोन पानं बदलली, काही उपयोग झाला नाही, पण तीन राण्या आमच्या खेळात पुष्कळ होत्या. आत्याने दहा चिंचोके लावले. मी तिच्याकडे पाहिलं. केस धुतलेले होते, मोकळे सोडले होते, आणि ती खुशीत दिसत होती. मी त्या राण्या पालथ्या टाकल्या. मुद्दाम ठरवून केलं नाही. तिच्याकडून घ्यावंसं वाटेना, एवढंच. बाबांनीही टाकली, मग आईने. नंतर पाहिलं तर दुपारभर हेच चाललं होतं. आम्ही आपापसात काहीच ठरवलं नव्हतं. तिघेही आपापल्या मनाने तिला जिंकू देत होतो. एकट्या परबकाकी नेहमीसारख्या शेवटपर्यंत जात होत्या आणि हरत होत्या. संध्याकाळी आत्यापुढे चिंचोक्यांचा ढीग होता. "इतक्या वर्षांनी शिकलात," ती म्हणाली. "पानं टाकायला लागलात." बाबा हसले, गरजेपेक्षा जरा मोठ्याने.

तो आठवडा मी कसा काढला ते आठवत नाही, पण एक संध्याकाळ आठवते. आत्याच्या लॅबमधल्या बायकांनी मनोरीला दोन दिवस जायचं ठरवलं होतं. मार्व्याहून होडीने पलीकडे जायचं, समुद्राजवळच्या बंगलीत राहायचं, ताजे मासे खायचे. ते ऑपरेशननंतरच्या शनिवारी होतं. आत्या पिशवी काढून बसली होती, तिच्या पुढ्यात जुना पंजाबी ड्रेस होता. तिने मला विचारलं की टाके असले तर चार-पाच दिवसांनी समुद्रात गुडघाभर पाण्यात उतरता येईल का, तू विचार तुझ्या बायॉलॉजीच्या सरांना. मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कुठे थांबायचं ते कळेना. शेवटी म्हणाले, "विचारते." ती ड्रेसची घडी घालत राहिली. मी आत जाऊन जर्नल छातीशी धरून बसले. डोक्यावरून विमान गेलं तेवढा वेळ रडले, कारण तेवढाच वेळ कुणाला ऐकू गेलं नसतं.

दुसऱ्या रविवारी म्हणजे ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. आईने त्या दिवशी भजी केली नव्हती, बटाटेवडे केले होते, आत्याला आवडतात म्हणून. तीही चूकच होती. तसं पाहिलं तर त्या दिवसांत आम्ही प्रेमाने जे जे केलं ते सगळं चुकलं. चार-पाच डाव झाले. तेच चाललं होतं. मग आत्याने वाटली. आपली पाच पानं उचलून पाहिली आणि पाचही टाकून नवी पाच घेतली, सगळ्यांना दिसेल अशी. ज्याच्या हातात काहीही नाही तोच असं करतो. मग नवी पानं न बघताच चटईवर पालथी ठेवली आणि वीस चिंचोके पुढे सारले.

तिच्यानंतर मी होते. माझ्याकडे तीन दश्श्या होत्या. मी टाकल्या. आईने टाकली. बाबा काही तरी बँकेतलं सांगत होते, ते सांगता सांगताच त्यांनीही पानं ठेवली. परबकाकींनी चष्मा सारखा केला. "बघूया तरी गो, हिच्याकडे काय आसा ता," म्हणून त्यांनी वीस चिंचोके मोजून ठेवले. आत्याने पानं उलटली. राजा आणि चार भुरटी पानं. काकींकडे सत्त्यांची जोडी होती, त्यांनी सगळे चिंचोके ओंजळीत ओढले आणि इतक्या खूश झाल्या की त्यांना पुढचं दिसलंच नाही.

आत्याने हात पुढे केला आणि माझी टाकलेली पानं उलटली. मग आईची. मग बाबांची. एकेक, सावकाश. तीन दश्श्या. दोन जोड्या. एक्क्यांची जोडी. जे कधी करायचं नाही म्हणून मला चापट बसली होती, ते ती करत होती, आणि आमच्यापैकी कुणी तिला थांबवलं नाही.

"गेल्या रविवारी मंजूने दोनच पानं बदलली होती," ती म्हणाली. "म्हणजे तीन सारखी हातात होती. टाकलीन. मला वाटलं, चुकली असेल. एका नमुन्यावरून मी निकाल देत नाही." मग बाबांकडे वळून, "दादा, गाठ कसली आहे?"

"कसली काय?" बाबा म्हणाले. "अगं सुधा, उगाच काहीतरी... साधी गाठ आहे. डॉक्टर म्हणाले ना."

"ज्यांना माहीत आहे ते तिघं पानं टाकतायत. काकींना माहीत नाही, त्या खेळतायत."

परबकाकींनी चिंचोके धरलेली ओंजळ तशीच ठेवून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. "माका कोणी कायव सांगूक नाय," त्या हळूच म्हणाल्या. "काय झाला गो, वयनी?"

आईने पदर तोंडाला लावला. बाबा उठून गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. आत्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढला नव्हता. "मंजू, रिपोर्ट आण."

बाबांनी पाठ न वळवताच "मंजू" म्हटलं. एवढंच, पण त्यात नको होतं. मी दोघांच्या मध्ये चटईवर बसले होते. इथे पानं परत वाटायची सोय नव्हती. मग मला डोळ्यांपुढे ऑपरेशनच्या कागदावरची सही दिसली, जी ती मंगळवारी करणार होती, काय काढणार आहेत हे माहीत नसताना. मी उठले आणि जर्नल घेऊन आले. कव्हर सोडवताना कागद थोडा फाटला.

आत्याने तो तिच्या लॅबमधल्या कागदासारखा वाचला. आधी नाव बरोबर आहे का ते पाहिलं, मग तारीख, मग नमुन्याचा नंबर, मग खाली सही कुणाची. त्यानंतर मधलं. ते वाचायला तिला फार वेळ लागला नाही. घडी घातली. विमान आलं, आम्ही सगळे ते जाईपर्यंत थांबलो. मग ती म्हणाली, "किती काढणार आहेत?" मीच सांगितलं. तिने मान डोलावली, उठली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि परत येऊन जागेवर बसली. मोठा डाव हरल्यावर ती तेच करायची.

बाबांना ती काहीही बोलली नाही, आणि ते त्यांना फार लागलं. फक्त एवढं म्हणाली की आपली आई महिन्याभरात गेली, कारण तिला सांगेपर्यंत उशीर झाला होता, तू उलटं धरून बसला आहेस. सोमवारी ती मला बरोबर घेऊन पार्ल्याला गेली. डॉक्टरांपुढे बसून तिने वहीतून प्रश्न वाचले. एकूण अकरा होते. पूर्ण काढण्याऐवजी दुसरं काही होईल का, नाही तर का नाही, दंड किती हलेल, पहाटेच्या बसचा दांडा धरता येईल का. डॉक्टर सुरुवातीला माझ्याकडे बघून उत्तरं देत होते. "इकडे बघून सांगा," ती म्हणाली. शेवटी तिने विचारलं की एक आठवडा पुढे ढकललं तर धोका आहे का. ते म्हणाले, आठवड्याने फरक पडणार नाही, जास्त नको. मग तिने मंगळवार पुढचा करून घेतला आणि फॉर्म तिथेच मागून घेऊन घरी नेला, वाचायला.

शनिवारी ती मनोरीला गेली. आई दोन दिवस खिडकीत उभी होती. ती परत येणार नाही असं आईला का वाटत होतं कुणास ठाऊक, पण मलाही तसंच वाटत होतं. रविवारी तीनला ती आली. नाक उन्हाने सोललेलं, पिशवीत सुके बोंबील. पाण्यात किती उतरलीस म्हणून मी विचारलं, तर गळ्याला हात लावून दाखवला.

इथे एक सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच श्वास धरून बसायला नको. आत्या त्यानंतर चौदा वर्षं जगली. नोकरी पूर्ण केली, रेवतीला मांडीवर घेतलं, आणि गेली ती वेगळ्याच कारणाने. आमच्या घरात तेव्हापासून एक नियम आहे. रिपोर्ट आधी ज्याचा त्याच्या हातात. मागच्या वर्षी आईचा आला तेव्हा मी पाकीट न फोडता तिच्यापुढे ठेवलं. ब्याऐंशी वर्षांची आहे. चष्मा शोधायला तिने दहा मिनिटं घेतली, ती दहा मिनिटं मला जड गेली. पण ती तिचीच होती.

तर तो रविवार. आत्या हातपाय धुऊन आली आणि म्हणाली, चटई घाला. बाबा म्हणाले, आज नको. ती म्हणाली, आजच. काकींना बोलवा. सगळे बसल्यावर तिने फक्त एकच अट सांगितली, की माझ्यासाठी कुणी पान टाकलं तर मी पुन्हा या चटईवर बसणार नाही. आईने तिचा निळ्या काठाचा कप भरून ठेवला. आम्ही खेळलो, आधी अवघडून, मग जरा सुटून. बाबा "बघू या तरी" म्हणाले तेव्हा आई हसली, दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

शेवटच्या डावात आत्याने एक पान बदललं. मग समोरचे सगळे चिंचोके, चाळीसच्या आसपास असतील, दोन्ही हातांनी मध्ये सारले. बाबांनी टाकली. आईने टाकली. परबकाकींनीही टाकली तशी आत्याने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. काकी घाबरून म्हणाल्या, "खराच काय नाय गो, हे बघ," आणि पानं उलटी करून दाखवली. खरंच काही नव्हतं.

राहिले मी. माझ्याकडे दोन जोड्या होत्या, राण्या आणि चौक्या. एक पान बदलणाऱ्या माणसाकडे एक तर दोन जोड्या असतात, नाहीतर तो एका पानाची वाट बघत असतो. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, तिथे कधीच काही नसायचं. कपाकडे पाहिलं. चहा भरलेला होता, काठोकाठ, आईने ठेवला तसाच. पण परवा तिचं ऑपरेशन होतं. कुठल्याही माणसाचा चहा तसाच राहिला असता. हा न प्यायलेला चहा पानांचा होता की मंगळवारचा, हे मला कळेना. हरले तर तिला बरं वाटेल आणि जिंकले तर वाईट, हा विचार आला, तो मी बाजूला ठेवला. मनात मोजलं. यावेळी चारावर थांबले. सगळे चिंचोके पुढे सारले.

तिने पानं उलटली. चार बदाम आणि एक किलवर. पाचवा बदाम आला असता तर पाचही पानं एका रंगाची होऊन ती जिंकली असती, पण तो आला नव्हता.

मी राण्या दाखवल्या. बाबांचा चेहरा पडला होता, मी काही तरी वाईट केल्यासारखा. मी चिंचोके ओढून घेतले, सगळे, एकही न ठेवता. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"कशावरून?" तिने विचारलं.

"सांगणार नाही."

तिने मान हलवली. कप उचलला, गार झालेला कोरा चहा एका दमात पिऊन संपवला, आणि पत्त्यांचा कॅट गोळा करून माझ्यापुढे सरकवला.

"पीस," ती म्हणाली.